पृथ्वीचा कालपट: साडेचार मीटरची गुंडाळी

हा कालपट आम्ही घरातल्या लांब भिंतीवर लावला, तरी शेवटचं टोक कोपऱ्यातून वळवावं लागलं. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वीची 460 कोटी वर्षं 460 सेंटिमीटरांत. पहिले चार मीटर जवळपास रिकामे, आणि मला तेच सगळ्यात आवडलं. त्यानंतर कुठे कँब्रियन, म्हणजे समुद्रात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी दिसू लागले तो काळ!

ट्रायलोबाइटची (कवच असलेल्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांची) पट्टी मी बोटाने मोजली, 27 सेंटिमीटर भरली. ती पर्मियन नावाच्या काळाच्या अखेरीला, 25.2 कोटी वर्षांपूर्वी, एकदम तुटते. सायबेरियातले ज्वालामुखी, तापलेले समुद्र. समुद्रातल्या सुमारे नव्वद टक्के प्रजाती संपल्या. तिथे बोट ठेवलं की पोटात कालवतं. डायनासोर संपतात ती रेघ शेवटून फक्त 6.6 सेंटिमीटरवर, आणि आपण माणसं जेमतेम 0.3 मिलिमीटर.

एक चूक मात्र खटकली. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन हा प्राणी ज्युरासिकमध्ये, म्हणजे डायनासोरांच्या काळात, छापलाय. तो डायनासोर नव्हेच, त्यांच्या कितीतरी आधी पर्मियनमध्येच संपला; नात्याने तो सस्तन प्राण्यांना जवळचा. पुढच्या आवृत्तीत हे दुरुस्त व्हायलाच हवं. कागद जाड आहे, रंग छान. मुलं असलेल्या घरात जरूर घ्या.