नऊ महिने, ५० एमएमची लेन्स आणि नातीची तीट

मध्यंतरी माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा ऑटोफोकस, म्हणजे आपोआप फोकस करणारी सोय, बंद पडली, म्हणून हा अनुभव लिहायला बसलो. चालू राहिली असती तर आळसात आणखी वर्ष गेलं असतं.

घेतली कशाला, ते थोडक्यात. नात सव्वा वर्षाची झाली तेव्हा तिला लातूरला एका स्टुडिओत नेलं. मागं कापडावर आयफेल टॉवर, हातात पिवळं बदक आणि लेकरू भेदरून गेलेलं. एवढ्याला आठशे रुपये. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली, आणि नातीच्या फोटोसाठी दुसऱ्याला पैसे मोजायचे? भाच्याचा जुना क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा पडून होता, त्याला ५० एमएम एफ १.८ घेतली. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं, उजेड जास्त येतो, पण स्पष्ट दिसणारी खोली कमी होते.

पहिले दोन महिने शिव्या दिल्या. कारण तीट. हसू नका. आमच्यात तीट लावल्याशिवाय लेकराला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, आणि आमच्या मंडळींचा हात सढळ. कानाच्या अंगाला, गालावर, चांगली रुपयाएवढी. ऑटोफोकसला ठळक काळं-उजळ लागतं. तो डोळा सोडून नेमका तीटेवर जाऊन बसायचा. मीटरभर अंतरावरून एफ १.८ ला जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. म्हणजे तीट खणखणीत, कानातला डूल खणखणीत, आणि डोळे झोपेतून उठवल्यासारखे. चाळीसातले पस्तीस फोटो असेच. तेव्हा लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

तिसऱ्या महिन्यात अक्कल आली. १.८ चे पैसे दिलेत म्हणून १.८ वरच काढायचे, हा हिशोबच कंजूष माणसाचा. दीड मीटरवर मागं सरकलो, एफ ४ केलं. आता तेरा-चौदा सेंटिमीटर मिळतात, नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळं लेकरू येतं. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही, कारण ही पोरगी बसल्या जागी पण पळत असते.

उजेडाचं मात्र सांगायलाच पाहिजे. आमचं घर औसा तालुक्यात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गल्लीतल्या बहुतेकांनी धास्तीनं माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, उतरवून पत्रे टाकले. आमची मधली खोली तेवढी तशीच राहिली. सकाळी साडेनऊला तिच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उजेडाचा खांब खाली उतरतो. लेकराला त्या खांबात बसवायचं नाही, डोळे मिचकावतं. हातभर बाजूला पाट ठेवायचा. सारवलेल्या भुईवरून परतून आलेला उजेड हनुवटीखाली असा काही लागतो, की स्टुडिओतल्या छत्र्यांनी पाणी भरावं.

महिन्याला एक फोटो, तोच पाट, तीच खूण. नऊ फोटो संगणकावर गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थरावर थर ठेवून डोळ्यांवर डोळे जुळवले. शाळेत फळ्यावर सांगायचो, लहान लेकराचे डोळे चेहऱ्याच्या मध्याखाली असतात, मोठ्या माणसाचे मध्यावर येतात. इथं थर चालू-बंद करताना हनुवटी केसा-केसानं खाली सरकताना दिसली. त्या दिवशी चहा गार झाला.

आता एडिटिंग. सुरुवातीला फोनमधल्या एका फुकट ॲपवर ‘पोर्ट्रेट’ दाबायचो. त्यानं गाल गुळगुळीत करता करता तीट पुसून टाकली! त्याच्या लेखी तो डाग. लेन्सला तीटेशिवाय काही दिसत नाही, आणि ॲपला ती बघवत नाही. मंडळींनी फोटो पाहिला.

‘‘अहो, तीट कुठंय लेकराची?’’

‘‘फोननं पुसली.’’

‘‘मग त्यालाच लावायला सांगा की.’’

ॲप त्याच दिवशी काढून टाकलं. गिम्प पण फुकटच, पण विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. त्यातलं तयार तैलरंगाचं फिल्टर लावून पाहिलं, चेहरा तूप थिजल्यासारखा झाला. मग अजिंठ्याची रीत धरली. तिथं आधी गेरूची रेघ, मग रंग, आणि शेवटी गडद रेघेनं आकार पक्का केलेला. फोटोवर कोरा थर घेऊन मुलाच्या पेन टॅब्लेटनं गेरूच्या रंगात रेघ काढली. खाली पिवळ्या मातीचा थर ‘सॉफ्ट लाइट’वर, म्हणजे फोटोत हलका मिसळेल असा, आणि मास्क लावून डोळे तेवढे मूळचे ठेवले. एका चित्राला चार संध्याकाळी जातात. अजिंठ्यातला काळा रंग दिव्याच्या काजळीचा. तीट त्याच घराण्यातली, म्हणून ती सगळ्यात शेवटी, हातानं.

आता ऑटोफोकस बंद पडला त्याचं. त्याची लेन्समधली मोटर आधी आठवडाभर घरघरत होती. लेन्स सर्व्हिस सेंटरला कुरिअर केली. त्यांचा दुरुस्तीचा आकडा लेन्सच्या निम्म्या किमतीच्या वर, तपासणीचे वेगळे. ‘‘काका, नवीनच घ्या ना.’’ मी म्हटलं, परत पाठवा. येण्या-जाण्याचं भाडं माझ्याच बोडक्यावर. मोटर इतक्या लवकर जाते, ही या लेन्सची खरी खोट, घेताना धरून चाला.

पण आता हातानं फोकस करतो. रिंग अरुंद आहे, बोटं घसरतात. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचं चित्र, दहा पट मोठं करून फोकस पापणीवर आणायचं. पाटाचं अंतर ठरलेलं असल्यामुळं जमतं, आणि मुख्य म्हणजे माझं बोट तीटेला भुलत नाही. चाळीसातले दहा वाया जातात आता. दुरुस्त करणार नाही.

मागच्या महिन्याचं चित्र ८ बाय १२ इंच छापून फ्रेम केलं. तीट व्यवस्थित, काळी, कानाजवळ. मंडळी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग काजळाची डबी आणून काचेवरच बोट टेकवलं. छापलेली तीट चालत नाही म्हणे. तेव्हापासून ती काच पुसायची मला बंदी आहे.