व्हॅन गॉगची पत्रं : पेंटरचं पुस्तक म्हणून वाचा, वेड्याचं म्हणून नको

आधीच सांगतो, मी कलासमीक्षक वगैरे नाही. बेळगावात माझं बोर्ड रंगवायचं दुकान, आता त्याचं फ्लेक्स-व्हिनाईलचं झालंय, पण कन्नड मराठी इंग्लिश तिन्ही अक्षरं ब्रशनं सरळ काढता येणारे जे थोडे पेंटर गावात उरलेत त्यातला मी एक. त्यामुळं चित्रकारांवरची पुस्तकं मी वाचतो ती कलावंताचा आत्मा बित्मा शोधायला नाही, हा माणूस सकाळी उठून काय करत होता, रंग कुठनं आणत होता, पैसे कोण देत होता एवढंच मला बघायचं असतंय. आणि नेमकं तेच बहुतेक पुस्तकांत नसतंय.

आमच्याकडं दुकानात जाऊन चित्रकलेचं पुस्तक दाखवा म्हटलं की एक तर पोरांची ड्रॉइंगची वही पुढं येते, हत्ती काढा, झोपडी काढा, मागं दोन डोंगर आणि मधनं सूर्य, नाहीतर काचेच्या कपाटातनं तो जाडजूड चकचकीत ग्रंथ निघतो जो माणूस घेतो आणि हॉलमधे टीपॉयवर ठेवतो ते पाहुणे आल्याशिवाय उघडत नाही. त्या चकचकीत ग्रंथांवर माझा राग आहे. चित्र दोन पानांवर पसरवतात आणि ऐन मधला भाग शिवणीत जातो, आणि दुसरं म्हणजे मापाचा सगळा घोळ. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटर, आणि पिकासोचं १९३७ चं गेर्निका साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद, म्हणजे सर्कलला लागणाऱ्या होर्डिंगएवढं, आणि ग्रंथात दोन्हीला एकेक पान, दोन्ही सारखीच. माप खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय म्हणे. बोर्ड रंगवणाऱ्याला विचारा माप म्हणजे काय ते.

तर हे पुस्तक तसलं नाही. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं, पेंग्विन क्लासिक्समधली एका खंडातली निवड, संपादन रोनाल्ड दे लेउव यांचं आणि इंग्लिश भाषांतर आर्नॉल्ड पोमेरान्स यांचं. ऑनलाईन मागवलं, ऐन पावसात आलं, पॅकिंग म्हणजे नुसती एक पातळ पिशवी, कोपरे दुमडलेले आणि शेवटची पानं दमट, ते दोन दिवस पंख्याखाली ठेवलं. दुकानातला पोरगा बघून म्हणाला, "काका, एवढं जाड? परीक्षा हाय काय ओ तुमची?" खरं आहे, जाड आहे, अक्षर बारीक आहे, आणि इंग्लिश आपलं जेमतेम असलं तर वेळ लागतो. पण भाषा अवघड नाही, पत्रंच आहेत ती, माणूस भावाशी बोलतोय.

भाऊ म्हणजे थिओ, धाकटा, पॅरिसात चित्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. व्हिन्सेंट स्वतः पण आधी त्याच कंपनीत होता, १८७६ ला नोकरी गेली, मग मास्तरकी केली, मग बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत धर्मप्रचारक म्हणून गेला, तिथंही जमलं नाही, आणि १८८० मधे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ठरवलं की आता चित्रकार व्हायचं. १८९० च्या जुलैमधे गेला, सदतिसाव्या वर्षी. म्हणजे सगळं काम दहा वर्षांतलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पत्रं वाचताना त्या दहा वर्षांत माणूस किती राबलाय ते कळतं. सुरवातीची धार्मिक पत्रं मात्र जड जातात, प्रवचनावर प्रवचन, मी स्पष्ट सांगतो, ती चाळा आणि सरळ १८८० वर या, काही बिघडत नाही, मधेमधे संपादकानं जोडणारा मजकूर दिलाय त्यात कथा समजते.

१८८० नंतर मजा सुरू होते. आधी बार्ग नावाच्या माणसाचा ड्रॉइंगचा कोर्स ओळखीच्या माणसाकडनं मागून आणतो आणि त्यातले नमुने गिरवत बसतो. सत्ताविशीचा बाप्या माणूस, नमुने गिरवतोय! आमच्या गल्लीत लोअर-हायर ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणारी पोरं दोन दिवसात कंटाळतात.

आणि मग १८८२ च्या ऑगस्टमधलं, हेग शहरातलं ते पत्र, ज्याच्यासाठी मी सगळ्या पुस्तकाचे पैसे वसूल धरतो. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं ते, बरोबर यावं म्हणून त्यानं एक चौकट बनवून घेतलीय. नुकताच लोहाराकडनं आलोय असं लिहितो, लोहारानं काठ्यांना लोखंडी अणी बसवल्या आणि चौकटीच्या कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. दोन काठ्या वाळूत रोवायच्या, त्यावर चौकट हवी त्या उंचीला खुंट्यांनी अडकवायची, चौकटीत उभे आडवे तिरके दोरे ताणलेले, त्यातनं समुद्र, शेत, गल्ली बघायची आणि कागदावर तसेच भाग पाडून काढायचं. सोबत स्केच पण, समुद्रकिनाऱ्यावर उभा राहून चौकटीतनं बघणारा माणूस. आता बघा, आम्ही बोर्ड करताना खडूत घोळवलेला दोरा दोघांनी ताणून धरून मधनं उचलून सोडतो, पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते, मग त्या रेघेवर अक्षरं बसतात. दोऱ्याशिवाय सरळ काढतो म्हणणारा पेंटर मी बघितलाय, त्याचा बोर्ड पण बघितलाय. तर ज्या माणसाला सगळं जग वेड्या झटक्यात रंग फासणारा समजतं तो माणूस लोहाराकडं उभा राहून चौकट नीट करून घेतोय, आणि घेतल्याच्या आनंदात भावाला तिथल्या तिथं पत्र लिहितोय. सिनेमात हे कुणी दाखवत नाही.

रंगांची पत्रं पण तशीच. १८८८ मधे फ्रान्सच्या दक्षिणेला आर्लला गेल्यावर थिओला रंगांची यादी पाठवतो, मोठ्या ट्यूबा कुठल्या, लहान कुठल्या, पांढरा भरपूर, क्रोम पिवळ्याचे वेगवेगळे नंबर, प्रशियन ब्लू, जेरेनियम लेक म्हणजे एक लवकर उडणारा लाल रंग. वाण्याची यादी असती तशी यादी. आणि हे रंग टिकणारे नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं, तेव्हाच लिहून ठेवलंय की काळ यांना मवाळ करणारच आहे तर आत्ताच भडक लावलेले बरे. हा विचार आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखणार, उन्हाच्या बाजूचा बोर्ड असला की लाल जरा जास्तच द्यायचा, पहिला तोच उडतो.

त्याचाच पुरावा म्हणजे त्याच्या बेडरूमचं चित्र. खाट, दोन खुर्च्या, निळ्या भिंती, सगळ्यांनी बघितलेलं आहे, मगवर असतंय, मोबाईलच्या कव्हरवर असतंय. आता ऑक्टोबर १८८८ चं पत्र काढा. भिंती फिकट जांभळ्या, फरशी लाल, खाट आणि खुर्च्या ताज्या लोण्याच्या पिवळ्या, चादर उशी लिंबाच्या फिकट हिरव्या रंगाची, पांघरूण लालभडक, खिडकी हिरवी. भिंती जांभळ्या! निळ्या नाहीत. जांभळा म्हणजे लाल अधिक निळा, त्यातला लाल लेक उन्हाउजेडानं उडून गेला आणि खाली निळा राहिला. वर्षभर उन्हात लटकलेला फ्लेक्स बघा, नेत्याचा चेहरा निळा पडलेला असतो, तोच प्रकार. चकचकीत ग्रंथात ते चित्र कितीही भारी कागदावर छापू देत, त्यात भिंत निळीच दिसणार, आणि ती जांभळी होती हे कळायला पत्रच लागतं. माझं सगळं म्हणणं या एका चित्रात आलं.

आता पैसे. या पुस्तकात पैशाचं बोलणं इतकं आहे की काही वाचक वैतागतील. थिओ त्याला बराच काळ महिना दीडशे फ्रँक पाठवत होता, आणि याचं प्रत्येक दुसऱ्या पत्रात तेच, कॅनव्हास संपला, मॉडेलला द्यायचेत, घरभाडं थकलंय, पन्नास अजून पाठव. खरं सांगू, कधीकधी डोक्यात जातो. थिओचं लग्न झालंय, जानेवारी १८९० मधे पोरगं झालंय, तब्येत त्याचीही बरी नाही, आणि इकडनं यादी चालूच. पण एक गोष्ट मला आवडली, १८८४ च्या सुरवातीला हा स्वतःच सौदा मांडतो की तू पैसे देतोस ती भीक नको, मी चित्रं पाठवतो ती तुझी, तो हिशोब धर. धंद्याचं बोलणं झालं ते. थिओची पत्रं मात्र फार थोडी राहिलीत कारण व्हिन्सेंट जपून ठेवतच नव्हता, थिओनं मात्र याची ठेवली. म्हणून पुस्तक एकतर्फी वाटतं, फोनवर समोरचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही तसं.

भांडणं पण आहेत. १८८५ मधे 'बटाटे खाणारे' या चित्राचा छाप मित्राला, व्हॅन रापार्डला पाठवला, तो पण चित्रकार, त्यानं हात, गुडघा, किटली सगळ्याचे वाभाडे काढले, तर यानं त्याचं पत्रच त्याला परत पाठवून दिलं! चित्राच्या आधी पूर्ण हिवाळा शेतकऱ्यांची डोकी काढण्यात घालवलेली, मग डोकं फिरणार नाही तर काय.

त्यानं स्वतःचा कान कापून घेतला त्या प्रकरणासाठी पुस्तक घेणार असाल तर घेऊ नका, निराश व्हाल. त्याबद्दल तो स्वतः फार कमी बोलतो, दवाखान्यातनं लिहिलेल्या पत्रातही लगेच कामावर येतो, रंग आणि कॅनव्हासवर.

श्रेय एका बाईचं आहे हेही सांगायला पाहिजे. व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यात, जानेवारी १८९१ मधे थिओ गेला, मागं राहिली त्याची बायको जो, तान्हं पोरगं आणि घरभर न विकलेली चित्रं. त्या माउलीनं पत्रं लावली, म्हणजे तारीख नसलेली पत्रं आधीनंतरची कुठली ते ठरवलं, आणि १९१४ मधे तीन खंडात छापली. वहिनी म्हणावी तर अशी.

उणीवा सांगतो. एक, ही निवड आहे, सगळी पत्रं नाहीत. दोन, रंगीत चित्रं नाहीत, पत्रातली स्केचेस तेवढी काळी-पांढरी, आणि रंगांवर एवढं बोलणाऱ्या माणसाच्या पुस्तकात हे खटकतंच. तीन, छपाई किफायती, कागद लवकर पिवळा पडणार. सहाशेच्या आत मिळालं मला, त्या भावात तक्रार नाही.

ज्यांना इंग्लिश नकोच त्यांनी आपल्या गावचेच चित्रकार रवी परांजपे यांचं 'ब्रश मायलेज' हे मराठी आत्मचरित्र बघावं. इथं के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकलेला माणूस, पुढं जाहिरातीच्या जगात नाव काढलं. वेगळा माणूस, वेगळा काळ, पण कामाबद्दल बोलतो.

घेणाऱ्यांना एकच जुगाड सांगतो. व्हॅन गॉग म्युझियमनं २००९ मधे सगळी पत्रं, एकूण ९०२, त्यातली ८१९ त्यानं स्वतः लिहिलेली, टिपांसकट इंटरनेटवर फुकट टाकलीत, मूळ डच-फ्रेंच आणि शेजारी इंग्लिश, आणि पत्रात ज्या चित्राचं नाव येतं ते चित्र रंगीत तिथंच दिसतं. पुस्तक मांडीवर आणि मोबाईल शेजारी असं वाचायचं. फक्त पुस्तकातले नंबर जुने आहेत, साईटवरचे नवे, ते जुळत नाहीत, म्हणून नंबर टाकून शोधत बसू नका, तारीख आणि कुणाला लिहिलंय ते बघून शोधा, आणि मोबाईलचा ब्राईटनेस फुल नको, पिवळा भलताच दिसतो.