मंगोलियन दुभाषी म्हणवणाऱ्या भामट्यापासून सावध राहा

फोंड्यातल्या आमच्या साहित्य मंडळाचे पंधरा हजार रुपये एका ठगाने लाटले. डिसेंबरात गोव्यात परदेशी कलावंतांची वर्दळ वाढते आणि असे लोक नेमके तेव्हाच गाठतात, म्हणून हे लिहीत आहे.

मंगोलियाची एक कवयित्री आमच्याकडे वाचनाला येणार होती, साथीला मोरिन खूर वाजवणारा. हे घोड्याच्या डोक्याची मूठ असलेलं दोन तारांचं वाद्य. इंग्रजीचं मराठी करायला आमची माणसं होती. इंग्रजी आणि मंगोलियन सांभाळणारा, कवितेची जाण असलेला दुभाषी हवा होता. ओळखीच्या ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. इंग्रजी फर्डं, बोलणं गोड, "उलानबातरला राहिलोय" म्हणाला. व्हिडिओ कॉल मात्र दर वेळी टाळायचा. "सीझन आहे, आज अर्धे पैसे टाका, नाहीतर तारीख जाईल," असा लकडा लावला. यूपीआयवर नाव भलत्याचंच आलं, तर म्हणे भावाचं खातं.

नमुना म्हणून आमच्या कवितांचा अनुवाद पीडीएफने आला, सिरिलिक लिपीत, म्हणजे रशियन लिहितात त्या लिपीत. मंगोलियात 1940 च्या दशकापासून मुख्यतः हीच लिपी चालते, त्यामुळे शंका येत नाही. कवयित्रीला पाठवल्यावर तिने कळवलं, ही तर रशियन! मग तिनेच खूण दाखवली. मंगोलियनमध्ये रशियनला नसलेली दोन अक्षरं आहेत: एक 'ओ'च्या पोटात आडवी रेघ असलेलं, दुसरं इंग्रजी 'वाय'सारखं. खऱ्या मजकुरात ती पदोपदी येतात. आमच्या अख्ख्या पीडीएफमध्ये एकही नव्हतं. जाब विचारला तर म्हणाला, मी चीनकडची मंगोलियन शिकलो. धादांत खोटं! तिथे आजही वरून खाली लिहायची जुनी लिपी वापरतात. त्यानंतर फोन बंद.

पैसे गेले ते गेलेच. पण हा माणूस मंचावर उभा राहिला असता, तर त्याने तिच्या कवितेच्या नावाखाली मनाला येईल ते सांगितलं असतं आणि सभागृहात कुणालाही पत्ता लागला नसता. याची चीड जास्त आहे.

कलावंतालाच दुभाष्याशी व्हिडिओवर पाच मिनिटं बोलू द्या, आणि काय बोलणं झालं ते दोघांना वेगवेगळं विचारा. पैसे त्यानंतर, तेही त्याच्याच नावाच्या खात्यात. शोधायचं कुठे? कर्नाटकातलं मुंडगोड आपल्याला लांब नाही. तिथल्या डेपुंग गोमांग या तिबेटी बौद्ध मठात मंगोलियातले भिक्षू शिकायला असतात. तिथल्याच ओळखीतून आम्हाला पुढे इंग्रजी उत्तम येणारा एक तरुण मिळाला आणि कवयित्रीने त्याला बोलून पारखला.

फसवणूक लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसा खात्यातून पुढे सरकण्याआधी तो अडवता येतो. आमची तक्रार नोंदली गेली आहे, रक्कम अजून मिळालेली नाही. परवा मडगावच्या एका नाट्यसंस्थेला नव्या नंबरावरून नमुना आला. तीच पीडीएफ, फक्त कवीचं नाव बदललेलं.