पॅरिसमधली फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्यावरची वॉकिंग टूर: घ्यावी का?

कंपनीचं नाव सांगत नाही, पण टूर एकूण चांगली आहे, इतिहासाची आवड असेल तर नक्की घ्या. सुरुवात लूव्र समोरच्या सेंट-जर्मां चर्चपासून, १५७२ च्या ऑगस्टमध्ये याच चर्चची घंटा वाजली आणि प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली, तेही हेन्रीच्या लग्नाला जेमतेम आठवडा होतोय तोवर! गाइड बाईंनी हा भाग इतका मस्त रंगवला की सगळे गप्प उभे होते. पुढे हा प्रोटेस्टंट राजा १५९३ ला कॅथलिक झाला, १५९४ मध्ये पॅरिसने दरवाजे उघडले. "पॅरिससाठी एक मास (कॅथलिक चर्चमधली प्रार्थना) चालेल" हे वाक्य तो खरंच बोलला याला पुरावा नाही, हे बाईंनी स्वतःहून सांगितलं, आवडलं आपल्याला. मला विचाराल तर पक्का राजकारणी माणूस, पण १५९८ चं, प्रोटेस्टंटांना धर्म पाळायची मोकळीक देणारं नांतचं फर्मान काढून जुन्या साथीदारांना वाऱ्यावर सोडलं नाही.

पाँ नफ पुलावरचा त्याचा घोड्यावरचा पुतळा १८१८ चा आहे, मूळचा क्रांतीत वितळवला. पुलावर फोटोला भरपूर वेळ देतात.

वैताग एकच, हेडफोन सारखा खरखरत होता आणि १६१० मध्ये रावायाक नावाच्या कट्टर कॅथलिकाने हेन्रीला भोसकलं त्या गल्लीत अक्षरशः पळवलं, जमिनीतली खुणेची फरशी नीट बघूच दिली नाही. धर्म बदलला ते सें-दनीचं चर्चही टूरमध्ये नाही, मेट्रो १३ ने आपलं आपण जा, त्याला पुरलंयही तिथेच. पाचात साडेतीन.