जे जे तपासले, ते ते बरोबर निघाले

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही चौघा मित्रांनी प्रत्येकी २१,००० रुपये काढून पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून व्हिडिओ चित्रीकरणाचा सेकंड हँड संच विकत घेतला. त्या ८४,००० रुपयांत आमच्या हाती एक चांगली लेन्स, एक मरणपंथाला लागलेला कॅमेरा, एक बनावट माईक, एक बनावट मेमरी कार्ड आणि एक खोटे बिल आले. विक्रेता आगाऊ पैसे घेऊन पसार झाला असता तर मी एवढे लिहायला बसलो नसतो, कारण तसल्या प्रकारांविषयी सगळेच आता थोडेफार सावध आहेत. आमचा विक्रेता समोर बसला, त्याने चहा पाजला, वस्तू हातात दिल्या आणि निवांत तपासून घ्या म्हणाला. आम्ही तपासल्या. जे जे तपासले ते ते बरोबर निघाले, कारण काय तपासायचे हे त्यानेच ठरवून दिले होते.

आम्ही कोल्हापूरचे. नोकरी-धंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी तीन ते सहा मिनिटांचे विनोदी व्हिडिओ करतो. पहिली तीन वर्षे सगळे काम मोबाईलवर आणि हजार रुपयांच्या आतल्या, सहा मीटर वायरच्या कॉलर माईकवर झाले. मुलगी पाहायला आलेली मंडळी पांढरा रस्सा कुणाकडचा चांगला यावरून भांडून पोह्यांना हातही न लावता उठून जातात, हा आमचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ याच सामग्रीवर झाला होता. तरीही ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने तो पाहून ‘मोबाईलवर केलंय, लगेच कळतंय’ असे म्हटले आणि ते वाक्य आमच्या डोक्यात जे बसले ते उठेना. पात्राच्या मागची भिंत धूसर दिसली की आपला विनोद सुधारेल, असे आम्हाला वाटू लागले होते. आमच्या फसवणुकीची सुरुवात मी तिथूनच धरतो.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. सोनीचा ए६४०० कॅमेरा, १६ मिलिमीटरची एफ १.४ लेन्स, दोन ट्रान्समीटरचा वायरलेस माईक आणि १२८ जीबीचे कार्ड, असा सगळा ‘कॉम्बो’ ९२,००० रुपयांना होता. ए६४०० हा २०१९ मध्ये आलेला कॅमेरा आहे. त्याचा स्क्रीन पुढच्या बाजूला वळतो आणि सलग चित्रीकरणावर अर्ध्या तासाची मर्यादा नाही, म्हणून आमच्यासारख्या हौशी व्हिडिओवाल्यांत तो फार चालतो. फोनवर विक्रेत्याने किमतीची गोष्ट काढण्याआधी ‘दादा, तुम्ही नक्की काय करता?’ असे विचारले. विनोदी व्हिडिओ करतो म्हटल्यावर त्याने आमचे दोन व्हिडिओ पाहिले, दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला आणि नेमक्या त्याच दोन जागांवर हसल्याचे सांगितले जिथे आम्हाला स्वतःला हसू येते. विनोद करणाऱ्या माणसाला पैशाने विकत घेण्याची गरज नसते हे त्याला चांगले ठाऊक असावे. ‘कंटेंट तुमचा एक नंबर आहे, फक्त लूक नाही’ हे त्याचे पुढचे वाक्य होते, आणि १०,००० रुपयांचा बयाणा आम्ही त्याच रात्री पाठवला. यूपीआयवर खातेदाराचे नाव वेगळेच दिसले. त्याने खाते मेव्हण्याचे असल्याचे सांगितले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला.

आमच्यातले दोघे पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, त्यातला एक मी. भेट एका वातानुकूलित कॅफेत ठरली होती आणि विक्रेत्याला पुढे शूट असल्यामुळे त्याच्याकडे पाऊण तासच होता. त्याने लॅपटॉप उघडला, आमच्याच हाताने कॅमेऱ्यातून एक फोटो काढायला लावला आणि ती फाईल एका संकेतस्थळावर टाकून शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याचे शटर आजवर किती वेळा उघडले-मिटले तो आकडा, दाखवला. आकडा ९,००० च्या आसपास होता. कॅमेरा जेमतेम वर्षभर वापरलेला, घरगुती, असे तो म्हणत होता आणि आकडा त्याला दुजोरा देत होता. आम्ही लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बुरशी आहे का पाहिले, तीही नव्हती. दहा मिनिटे व्हिडिओ चालवून पाहिला आणि माईक लावून दोन वाक्ये बोललो, तेव्हा स्क्रीनवर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या छान नाचत होत्या. खोक्यात बिल होते. घासाघीस करून ८४,००० ला सौदा ठरला, उरलेले ७४,००० रुपये आम्ही तिथेच दोन वेगवेगळ्या खात्यांवर पाठवले आणि आपण किती चोखंदळ आहोत याची चर्चा करत कोल्हापूरला परतलो.

शटर काउंट खोटा नव्हता, आणि मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते हेच. फोटो काढताना शटर दर वेळी उघडते आणि मिटते, म्हणून फोटोग्राफरने वापरलेला कॅमेरा किती झिजला आहे हे त्या आकड्यावरून बरेचसे कळते. व्हिडिओ चालू असताना मात्र शटर उघडेच राहते. सलग पाच तास व्हिडिओ केला तरी तो आकडा जागचा हलत नाही. आमचा कॅमेरा लग्नांच्या आणि कार्यक्रमांच्या थेट प्रक्षेपणासाठी वर्षानुवर्षे तासन्‌तास चालवला गेला होता. फोटोसाठी कुणी त्याला फारसा हातच लावला नसल्यामुळे शटर नव्यासारखे होते आणि बाकीचा सगळा कॅमेरा म्हातारा झाला होता.

हे आम्हाला दुरुस्ती करणाऱ्या एका अनुभवी माणसाने सांगितले, तेही एप्रिलमध्ये, पंचगंगेच्या घाटावर ४के चित्रीकरण करताना कॅमेरा सतराव्या मिनिटाला तापून बंद पडल्यानंतर. ऊन होते हे मान्य, परंतु नंतर घरात, पंख्याखाली, तो तेराव्याच मिनिटाला बंद पडला. कॅफेतल्या थंड हवेत दहा मिनिटेच का चालवून दाखवले, ते तेव्हा लक्षात आले. त्या माणसाने कॅमेरा हातात घेऊन दोन मिनिटांत निदान केले. चित्र बाहेर पाठवण्याचे एचडीएमआयचे छोटे पोर्ट सतत वायर लावून ढिले झालेले होते, बॅटरीच्या झाकणाजवळ डमी बॅटरीची (बॅटरीच्या जागी बसवून कॅमेरा थेट विजेवर चालवायच्या साधनाची) वायर बाहेर काढण्यासाठी जी लहानशी झडप असते ती तुटलेली होती, आणि तळाच्या स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे होते, म्हणजे बॉडी आधी कुणीतरी उघडलेली होती. लेन्सवर झाकण लावून त्याने अर्धा मिनिट व्हिडिओ घेतला, तर काळ्या चित्रात तीन ठिकाणी लाल-पांढरे ठिपके स्थिर दिसत होते, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर तिथे बिघडला होता. हे तिन्ही-चारही प्रकार कॅफेत बसून पाच मिनिटांत तपासता आले असते. त्याने दुरुस्तीचा जो अंदाज सांगितला तो ऐकून आम्ही कॅमेरा पुन्हा पिशवीत घातला.

माईकचे दुःख मात्र याहून मोठे आहे, कारण विनोदी व्हिडिओत चित्र थोडे खराब असले तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण पंचचा शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर सगळा प्रसंग फुकट जातो. माईक एका नावाजलेल्या ऑस्ट्रेलियन कंपनीचा म्हणून दिला होता. खऱ्या संचात ट्रान्समीटरच्या आतही ध्वनी साठवला जातो आणि कंपनीच्या ॲपमधून तो काढून घेता येतो. आमचा ट्रान्समीटर त्या ॲपला ओळखताच आला नाही. पात्र दहा फुटांवर जाऊन पाठमोरे झाले की आवाज तुटत असे. कॅफेत हे का कळले नाही याचे उत्तर लाजिरवाणे आहे. ए६४०० ला माईक लावायला जागा आहे, पण हेडफोन लावायला जागाच नाही. चित्रीकरण चालू असताना आवाज कसा येतो आहे हे ऐकण्याची सोय नसलेला कॅमेरा आम्ही विनोदासाठी, म्हणजे निव्वळ बोलण्यावर चालणाऱ्या कामासाठी, निवडला होता. पट्ट्या नाचल्या म्हणजे आवाज आला एवढेच कळते, कसा आला ते कळत नाही. कॅमेऱ्याचा यात दोष नाही, आपले काम काय आहे हे न पाहता कॅमेरा निवडणाऱ्यांचा आहे.

कार्डाची गोष्ट थोडक्यात सांगतो. वर १२८ जीबी लिहिलेले होते आणि कॅमेराही १२८ च दाखवत होता, पण आत जागा ३२ जीबीची होती. अशी कार्डे आपली खरी क्षमता लपवतात. भरलेल्या जागेपुढचे चित्रीकरण नावापुरते नोंदवले जाते, फाईल दिसते, उघडत मात्र नाही. ४के मध्ये सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाने ३२ जीबी सुमारे चाळीस मिनिटांत भरते. आमचे पहिले चाळीस मिनिटांचे काम वाचले आणि नंतरचे सगळे गेले. त्या ‘नंतर’मध्ये माझ्या मावशीचा प्रसंग होता. आयुष्यात प्रथमच कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ती बाई संवाद विसरली आणि त्या भरात जे बोलली त्यावर कॅमेरा धरणाराही हसू लागला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही तो प्रसंग पुन्हा घेतला. मावशी या वेळी सगळे संवाद पाठ करून आली होती. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री ही मोफत साधने पूर्ण कार्ड भरून ते खरे आहे की नाही ते सांगतात, पण एवढे मोठे कार्ड तपासायला तासाभराहून अधिक वेळ लागू शकतो, आणि आमच्याकडे पाऊण तास होता. त्या पाऊण तासात मला आता त्याची घाई दिसत नाही, हिशेब दिसतो.

बिल आम्ही तीन महिन्यांनी नीट वाचले. दुकानाचा पत्ता मुंबईचा होता, पण जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७ आणि दिल्लीचे ०७. शिवाय मुंबईच्या दुकानाने मुंबईच्याच ग्राहकाला विकलेल्या वस्तूवर केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के असा कर वेगवेगळा दाखवायला हवा, तिथे १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा कर, लावलेला होता. जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावर तो क्रमांक कुणीही, खाते नसतानाही, शोधू शकतो. आम्ही शोधला तेव्हा तो कॅमेऱ्यांशी काही संबंध नसलेल्या भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. बिलावरचा अनुक्रमांक आणि कॅमेऱ्याच्या तळावरचा अनुक्रमांक यांत शेवटचे दोन आकडे वेगळे होते. आमच्यातला एक जण दिवसभर फर्निचरच्या दुकानात हीच बिले फाडतो. तो त्या दिवशी दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून पुण्याला आला नव्हता, आणि हे तो आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवून मूकपट काढले, त्या गावातल्या पोरांनी कॅमेऱ्यातच फसावे याचे वाईट आणखी एकाला वाटते. त्याच्या बोलण्याला किमान इतिहासाचा आधार आहे.

विक्रेत्याने तोपर्यंत आमचे चारही नंबर ब्लॉक केले होते. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन केला आणि पोलिसांत लेखी तक्रारही दिली. तीत भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, म्हणजे फसवणुकीचे, नमूद केले आहे. पैसे ज्या खात्यांत गेले तिथून ते लगेच रोखता यावेत म्हणून ही हेल्पलाईन आहे, आणि आम्ही तीन महिन्यांनी फोन केला, त्यामुळे रोखण्यासारखे तिथे काही उरले नव्हते. वस्तू समोरासमोर पाहून, तपासून घेतली होती, हे वाक्य तक्रारीत आम्हालाच प्रामाणिकपणे लिहावे लागले आणि ते आमच्या विरुद्ध जाते हे लिहितानाच कळत होते. पैसे आजवर परत मिळालेले नाहीत. व्हिडिओ पुन्हा मोबाईलवर आणि वायरच्या माईकवर करतो. लेन्स विकली आणि त्या पैशांतून हेडफोन लावता येईल असा एक छोटा ध्वनिमुद्रक घेतला, तो पात्राच्या खिशात असतो. कॅमेरा दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत दुसऱ्या कोनासाठी वापरतो आणि मधल्या वेळात त्याला पंख्यासमोर ठेवतो.

मागच्या महिन्यात त्याच ॲपवर एक नवी जाहिरात दिसली. विक्रेत्याचे नाव वेगळे होते, पण फोटोत कॅमेऱ्याखाली तीच निळी सतरंजी होती आणि कॉम्बोची किंमत ८९,००० होती. ती जाहिरात आम्ही ॲपकडे कळवली आणि तिचे छायाचित्र आमच्या तक्रारीला जोडले. तत्पूर्वी आमच्यातल्या एकाने बायकोच्या नंबरवरून त्याला एवढेच विचारले होते, की ए६४०० ला हेडफोन लावायची सोय आहे का. दोन मिनिटांत उत्तर आले : ‘हो ताई, आहे ना. एकदम क्लिअर आवाज येतो.’