चोरबाजारात मिळालेलं फेवर-ल्युबाचं चावीचं घड्याळ : चार महिने वापरून सांगतोय

फेवर-ल्युबा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर बाबांचं सी किंग मॉडेलचं घड्याळ यायचं, लग्नात मिळालेलं, मनगटावरचं. त्याच कंपनीचं खिशातलं घड्याळ मी पहिल्यांदा बघितलं ते चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका काचेच्या पेटीत, आणि खरं सांगतो, मी आधी पाठीमागची नक्षी बघितली, नाव नंतर वाचलं.

घड्याळ चांदीचं, पुढचं झाकण नसलेलं, म्हणजे काच उघडीच. पाठीवर मध्ये छोटी ढाल कोरलीय आणि तिच्याभोवती इतक्या बारीक लाटांच्या रेघा की ऊन पडलं की रेशमासारखी हलतात. हे काम हाताने फिरवायच्या मशीनवर करायचे. डायल पांढऱ्या मीनाची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड भट्टीत भाजून केलेली, म्हणून एवढ्या वर्षांनीही पिवळी पडलेली नाही. आकडे रोमन, आणि चारच्या जागी चार उभ्या रेघा.

कंपनी 1737 ची, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावातली, अब्राहम फाव्र यांनी सुरू केलेली, 1815 ला ल्युबा घराणं आलं आणि जोडनाव झालं. 1865 पासून त्यांचा माल आपल्या मुंबईत येतोय, म्हणजे ट्रामच्याही आधी. मधे टायटनकडे होती, 2023 ला इथॉस या घड्याळं विकणाऱ्या कंपनीने घेतली, त्यामुळे नवीन घड्याळं मिळतात, पण या जुन्या मशीनचे पार्ट कुठे मिळतील असं धरून चालू नका.

दुकानदाराने चौदा हजार सांगितले, साडेनऊ हजाराला दिलं. मागचं झाकण, आतलं धुळीचं झाकण आणि मशीन, तिन्ही उघडून दाखवायला त्यांनी खळखळ केली नाही, याचे मी वेगळे मार्क देईन. आतल्या झाकणाला दोन भोकं, एक चावी भरायला, एक काटे फिरवायला, आणि फ्रेंचमध्ये सिलेंडर, 10 रुबी (म्हणजे मशीनमधली माणकांची बेअरिंगं) असं कोरलंय. हा सिलेंडर म्हणजे बॅलन्सची, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची, दांडी, पोकळ नळीसारखी कापलेली, शेजारच्या दुसऱ्या चाकाचे दात तिच्या आतून एकेक करून सुटतात. तो तुटला तर नवा बनवणारा माणूस मिळणं फार कठीण, म्हणून घेताना आधी बॅलन्स सुरळीत झुलतोय ना ते बघा, नक्षी नंतर. आणि मोबाईलचा टॉर्च डायलवर आडवा मारा, केसासारखे तडे तेव्हाच दिसतात.

आता जे मनाला लागलंय ते. घरी आणल्यावर मी ते उपनगरातल्या एका दुकानात सर्व्हिसिंगला टाकलं, आणि त्यांनी न विचारता चांदीला बफ मारला, चकचकीत करून दिलं, आणि ढालीच्या कडेच्या लाटा अर्ध्या पुसल्या गेल्या. मला तिथे बोलताच आलं नाही. मग गिरगावातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं, त्यांनी डोळ्याला लूप, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावला आणि पहिलंच वाक्य, "अहो, बफ कुणी मारला याला? नक्षी परत नाही हो येत." त्यांनी मशीन सुटं करून धुतलं, मोजून तेल दिलं, आठ दिवस स्वतःजवळ ठेवून चालवून बघितलं, अठराशे घेतले, जे मला कमीच वाटले.

आता रोज सकाळी चहा ठेवला की चावी भरतो, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत आरामात चालतं. दिवसाला पाच-सहा मिनिटं मागे पडतं, सिलेंडरवालं जुनं घड्याळ म्हटल्यावर मला ते मान्य आहे, पण लोकल पकडायची असेल तर मोबाईलच बघा. पावसाळ्यात काट्यांना गंज धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्टीलच्या डब्यात ठेवतो, समुद्राच्या हवेत चांदी काळी पडते ती मऊ सुती फडक्याने पुसायची, बास, पावडर नको, लिक्विड नको.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पुसलेल्या लाटांचा.