लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे स्मोक डिटेक्टर चालू आहे, असं समजू नका

नाशिकच्या पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागातल्या सोसायट्यांनी हे जरूर वाचा, कारण खोटे स्मोक डिटेक्टर बसवून पैसे उकळणारी टोळी अजून फिरतेय.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या बिल्डिंगमध्ये दोघं जण आले. निळे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म. 'महापालिकेचं फायर ऑडिट आहे, प्रत्येक फ्लॅटला स्मोक डिटेक्टर सक्तीचा झालाय, नाहीतर नोटीस निघेल.' आधी चेअरमनकाकांनाच गाठलं होतं, त्यामुळे बाकी कोणी फारसं खोलात शिरलं नाही. एका नगाचे १८०० रुपये, वर्षाच्या मेंटेनन्सचे ६०० वेगळे.

डेमो मात्र झकास. बॅगेतून एक डिटेक्टर काढला, सासूबाईंकडून उदबत्ती मागितली आणि खाली धरली. थोड्याच वेळात कानठळ्या! छताला स्क्रूने बसवला तो मात्र खोक्यातला दुसराच. तो बसवल्यावर उदबत्ती कोणी धरली नाही, फक्त बटण दाबून 'टीं' ऐकवलं. वर सासूबाईंना सांगितलं, "मावशी, गॅस लीक झाला तरी बोंबलणार हा. आयुष्यभराची गॅरंटी."

दोन्ही थापा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो आणि धुराच्या सेन्सरला तो कळतही नाही. त्यासाठी गॅस डिटेक्टर वेगळा मिळतो, तोही खाली बसवतात. आणि चांगल्यातला चांगला स्मोक डिटेक्टरही साधारण १० वर्षांनी बदलावाच लागतो. मागच्या बाजूला उत्पादनाची तारीख असते ती बघायची.

आता गंमत ऐका. आमचा बसवला होता हॉलमध्ये, देवघराच्या बरोबर वर. सासूबाई रोज दोन्ही वेळा धूप घालतात. एकदाही वाजला नाही. यावर घरात काय चर्चा, तर 'भारी क्वालिटी आहे, उगाच कोकलत नाही.' मध्ये सर्व्हिसला एक पोरगा येऊन गेला. फडक्याने पुसलं, बटण दाबलं, पावतीवर सही घेतली.

बिंग फुटलं ते वरच्या मजल्यावर. तिथल्या ताई दूध गॅसवर ठेवून खाली आल्या होत्या. परत जातात तो घरभर धूर, डोळे उघडवेनात, आणि छतावर लाल दिवा आपला निवांत लुकलुकतोय. त्यांच्या मुलाने डिटेक्टर उतरवून उघडला. आत नऊ व्होल्टची बॅटरी, एक बझर, एक एलईडी. बटणाच्या दोन वायरी थेट बझरला. बस्स, संपलं! खऱ्या फोटोइलेक्ट्रिक डिटेक्टरमध्ये काळ्या प्लास्टिकची जाळीदार डबी असते. तिच्यातल्या दिव्याचा उजेड एरवी सेन्सरवर पडत नाही. धूर शिरला की तो उजेड विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म होतो. इथे ती डबीच नव्हती. मग सगळ्या बिल्डिंगने आपापले उतरवले. एकही खरा निघाला नाही.

त्यांनी दिलेलं 'फायर सर्टिफिकेट' आता नीट बघितलं, तर त्यावर ज्वाळेचं चित्र मोठं आणि लायसन्स नंबर कुठेच नाही. २००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतल्या यंत्रणेच्या देखभालीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, लायसन्सधारक एजन्सी देते आणि ते जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन विभागाकडे द्यायचं असतं. अशा एजन्सींची यादी राज्य अग्निशमन सेवेच्या वेबसाइटवर आहे. अग्निशमन दलाचे लोक तपासणीला येतात, दारोदार माल विकत नाहीत. शंका आली तर शिंगाडा तलावाजवळच्या मुख्य केंद्रात विचारा, पैसे नंतर.

कोणाकडूनही बसवून घ्या, पण छतावर लागल्यावर, त्याच नगाखाली उदबत्तीचा धूर देऊन वाजवून घ्या. बटण महिन्यातून एकदा दाबाच, पण नुसत्या बटणावर भरवसा ठेवू नका. जागा बेडरूममध्ये किंवा बेडरूमच्या दाराबाहेर. स्वयंपाकघरापासून दहाएक फूट लांब, पंख्याच्या झोतात नको, आणि देवघरावर तर नकोच; खरा असेल तर आरतीला रोज वाजेल आणि कंटाळून तुम्हीच बॅटरी काढून ठेवाल. अधूनमधून व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढून घ्यायची. ओल्या फडक्याने पुसणारा सर्व्हिसवाला आला, तर त्याला जिन्यातूनच परत पाठवा.

पोलिसांत तक्रार दिली आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. पैसे यूपीआयने एका खासगी खात्यावर गेले होते, पावतीवर जीएसटी नंबर नाही, फोन बंद. अजून रुपया परत आलेला नाही. परवा नणंदेचा सिडकोतून फोन आला, त्यांच्या सोसायटीच्या बोर्डावर फायर ऑडिटची सूचना लागलीय, रविवारी दोघं जण येणार म्हणे.